घरचे एस्प्रेसो यंत्र – लेखांक ७ : दाराआडचा ब्रू ग्रूप
पूर्ण स्वयंचलित एस्प्रेसो यंत्राची निवड करताना ग्राहकाचे लक्ष बहुधा पडद्यावरील पेयांच्या यादीकडे आणि पंपाच्या १५ बार दाबाच्या आकड्याकडे जाते. कॉफी प्रत्यक्षात जेथे तयार होते तो भाग मात्र दाराआड असल्यामुळे त्याविषयी दुकानात क्वचितच विचारणा होते. या आठवड्यात दुधाच्या फेसाचा विषय घेण्याचे ठरले होते. परंतु ब्रू ग्रूप बाहेर काढून धुता येणारे यंत्र घ्यावे की आतल्या आत धुतले जाणारे, अशी पृच्छा एका वाचकाने केली असून, तिचे उत्तर कॉफीची चव आणि यंत्राचे आयुष्य या दोहोंशी निगडित असल्याने हा संपूर्ण लेखांक त्यालाच देणे उचित ठरते.

ब्रू ग्रूप म्हणजे दळलेली पूड ज्यात पडते तो कोठा आणि त्याभोवतीची दट्ट्या, जाळी व रबरी कड्या यांची जुळणी. हाताने चालवायच्या यंत्रात पूड भरणे, ठासणे, पात्र यंत्राला जोडणे आणि अखेरीस चोथा झटकणे ही कामे माणूस करतो. स्वयंचलित यंत्रात ती सर्व या एका घटकाकडे सोपवलेली असतात. गेल्या आठवड्यात पाहिलेल्या पात्यांमधून पूड कोठ्यात उतरली की दट्ट्या तिची चकती करतो, थोडे गरम पाणी सोडून ती भिजवली जाते, मग पंप उरलेले पाणी दाबाने तिच्यातून ढकलतो आणि शेवटी ओली चकती चोथ्याच्या डब्यात लोटली जाते. पंपावर लिहिलेले १५ बार ही त्याची कमाल क्षमता असते. एस्प्रेसोसाठी चकतीवर लागणारा दाब साधारण ९ बार असतो, आणि म्हणूनच त्या आकड्यावरून दोन यंत्रांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

उत्तर इटलीतील गाज्जो मोंतानो या गावी १९८१ मध्ये स्थापन झालेल्या साएको कंपनीने १९८५ मध्ये ‘सुपरऑटोमॅटिका’ हे घरगुती यंत्र बाजारात आणले आणि दळण्यापासून चोथा टाकण्यापर्यंतची साखळी स्वयंपाकघरातील ओट्यावर आली. पुढे या यंत्रांचे दोन संप्रदाय झाले. साएको, तिला २००९ मध्ये विकत घेणारी फिलिप्स आणि इटलीचीच देलोंगी यांनी दार उघडून हाताने काढता येणारा ब्रू ग्रूप पत्करला. स्वित्झर्लंडच्या युरा कंपनीने तो यंत्रात कायमचा बसवून, त्याची स्वच्छता विशिष्ट गोळ्यांच्या साहाय्याने यंत्रानेच करावी अशी योजना केली.

या मतभेदाचे मूळ कॉफीच्या तेलात आहे. भाजलेल्या बियांतील तेल जाळीवर व कोठ्याच्या भिंतींवर साचते, हवेच्या संपर्काने खवट होते आणि पुढच्या प्रत्येक पेल्याला तो वास लागतो. शिवाय चकतीपासून सुटलेली बारीक पूड फटींत अडकून ओली राहते. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळी हवेत अशा ओल्या चोथ्यावर थोड्याच दिवसांत बुरशी धरते, आणि घर बंद करून गावी जाणाऱ्या कुटुंबात हा धोका सर्वांत मोठा असतो.

काढता येणारा घटक नळाखाली कोमट पाण्याने धुऊन वाळवता येतो आणि त्याच्या मागची पोकळीही पुसता येते. फिलिप्स हे काम आठवड्यातून एकदा, तर देलोंगी महिन्यातून किमान एकदा करण्यास सांगते. साबण वापरू नये, कारण त्याने सरकत्या भागांवरील वंगण निघून जाते. अधूनमधून खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा लागतो. घटक निघत नसेल तर ओढाताण न करता यंत्र रीतसर बंद करून पुन्हा प्रयत्न करावा, कारण तो आपल्या विश्रामस्थितीत आल्याखेरीज सुटत नाही. कायम बसवलेल्या घटकाच्या बाबतीत यंत्र स्वतःच स्वच्छतेची वेळ झाल्याची सूचना देते व गोळी तेल विरघळवते, त्यामुळे वापरणाऱ्याच्या आळसाला वाव कमी राहतो. पण गोळ्यांचा खर्च कायमचा असतो, आणि आत काही अडकल्यास किंवा रबरी कडी झिजल्यास तंत्रज्ञाशिवाय गत्यंतर नसते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. तेल काढणारी गोळी आणि पाण्यातील क्षार काढणारे द्रावण या भिन्न गोष्टी असून, एकीने दुसरीचे काम होत नाही. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या घरात क्षार काढण्याचे काम दोन्ही प्रकारच्या यंत्रांना वारंवार करावे लागते.

जेथे कंपनीचे सेवाकेंद्र शहरातच आहे आणि आठवड्याच्या धुण्याचा कंटाळा निश्चित आहे, तेथे आतून धुतले जाणारे यंत्र योग्य ठरते; अन्य सर्व घरांसाठी, विशेषतः दमट हवेच्या आणि सेवाकेंद्रापासून दूरच्या गावांतील घरांसाठी, काढता येणारा ब्रू ग्रूप हीच पहिली अट ठेवावी. खरेदीपूर्वी विक्रेत्याला दार उघडून तो घटक काढून दाखवण्यास सांगावे, आणि एकदा तो स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून पाहावा. दुधाच्या फेसाचा विचार पुढील आठवड्यात.