सरकारचा निर्णय कोर्ट कधी फिरवतं? लोणंदकरांनी पाहिलेलं उदाहरण

लोणंद : नगरपंचायतीची २०२१ ची निवडणूक आठवा. एकाच गावात मतदान दोनदा झालं. बहुतेक वॉर्डांत २१ डिसेंबर २०२१ ला आणि ओबीसींसाठी राखीव ठेवलेल्या वॉर्डांत १८ जानेवारी २०२२ ला, तेही सर्वसाधारण जागा म्हणून. मोजणी सगळ्यांची १९ जानेवारीला. राज्यातल्या शंभरावर नगरपंचायतींत त्यावेळी हेच झालं. कारण होतं सुप्रीम कोर्टाचा आदेश.

नेमकं काय झालं होतं?

४ मार्च २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण देता येतं, पण तीन अटींवर. आयोग नेमून माहिती गोळा करा. त्या माहितीवरून कुठल्या संस्थेत किती आरक्षण ते ठरवा. आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. राज्य सरकारनं त्याच वर्षी वटहुकूम काढून २७ टक्क्यांपर्यंत आरक्षण ठेवलं, पण आयोगाची माहिती हातात नव्हती. ६ डिसेंबरला कोर्टानं स्थगिती दिली.

पुढं बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि २० जुलै २०२२ ला कोर्टानं ओबीसी आरक्षणासह निवडणुका घ्यायला परवानगी दिली. म्हणजे आरक्षण चुकीचं, असं कोर्ट म्हणालं नव्हतं. ते द्यायची पद्धत चुकली होती.

कोर्ट काय बघतं, काय बघत नाही?

निर्णय आपल्याला पटला का नाही, हे कोर्ट बघत नाही. ते बघतं, की निर्णय घेणाऱ्याला अधिकार होता का? कायद्यात सांगितलेली पद्धत पाळली का? समोरच्याचं म्हणणं ऐकलं का? कारण आणि पुरावा आहे का? आणि राज्यघटनेनं दिलेला हक्क मोडला का?

ही तपासणी गावपातळीवरच्या आदेशालाही लागू आहे. जळगाव जिल्ह्यात विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून अपात्र ठरवलं होतं. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. विभागीय पातळीवर आणि हायकोर्टातही त्यांना दाद मिळाली नाही. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अपात्रतेचा आदेश रद्द केला. आरोपांची नीट खातरजमा न करता लोकांनी निवडून दिलेल्या बाईंना पदावरून काढलं, यावर कोर्टानं बोट ठेवलं.

उशिराची किंमतही आहे

सातारा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटना म्हणते मुदत पाच वर्षांची, त्याआधी निवडणूक झाली पाहिजे. पण आरक्षण आणि वॉर्डरचनेच्या वादात प्रकरण अडकलं आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणुका घ्या, असा आदेश यायला ६ मे २०२५ उजाडलं. तीन वर्षं रस्त्याचं, पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन जायला आपला निवडून दिलेला सदस्यच नव्हता.

आपल्याला दाद मागायची असेल तर?

सरकारी आदेशाविरुद्ध राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका करता येते. साताऱ्याच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा, सांगली त्यात येतात.

पण आधी एवढं करा :
– आदेशाची प्रत लेखी घ्या. तोंडी सांगण्यावर दाद मागणं अवघड जातं.
– आदेशाविरुद्ध अपील कुठं करायचं आणि मुदत किती, ते विचारा. अपिलाची सोय असताना थेट गेलात तर हायकोर्ट बहुतेक वेळा माघारी पाठवतं.
– अर्ज, नोटीस, पोचपावती जपून ठेवा.
– वेळ घालवू नका. कारण नसताना उशीर झाला तर चांगलं प्रकरणही पडतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मदतीचा फोन नंबर १५१००.