वसंत, वाफसा आणि मीठ

वसंत म्हटला की आम्हा कवींना पळस आठवतो. भाजी लावणाऱ्याला मात्र विहीर आठवावी. पनवेलकडे चैत्र उजाडतो तेव्हा पाऊस जाऊन पाच महिने झालेले असतात. म्हणून इथे पहिल्या वसंताची तयारी करायची ती भातकापणी उरकल्याबरोबर.

हा विषय घेण्याचे कारण माझा भाचा. २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे जमिनीचा भाव विचारतात, पीक कुणी विचारत नाही. भाच्याने मात्र खाडीच्या अंगाचे वडिलोपार्जित दहा गुंठ्यांचे खाचर न विकता तिथे भाजी करायचे ठरवले आहे. घरचे त्याला एकच हंगाम द्यायला तयार आहेत.

खाचर असते पाणी धरण्यासाठी. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने मातीखाली घट्ट थर बसतो. भाताला तो हवा, भाजीच्या मुळांना नको. तो फोडायचा वाफशावर. ओली नांगरली तर ढेकळे दगड होतात. फार वाळली तर नांगर चालत नाही. मूठभर माती दाबावी, गोळा व्हावा आणि टिचकी मारताच फुटावा, हा वाफसा. "मामू, रविवारी करू," भाचा म्हणाला. पण वाफसा रविवारपर्यंत थांबत नाही!

याहून मोठी गोष्ट मिठाची. खाडीलगतच्या जमिनीतले मीठ पावसाळ्यात धुऊन खाली जाते. उन्हे तापली की पाणी वर ओढले जाते, वाफ होऊन उडते आणि मीठ वर राहते. मार्चमध्ये जमिनीवर पांढरी साय दिसते ती हीच. कार्तिकात गोड वाटलेली जमीन चैत्रात रोपे जाळते. म्हणून आधी माती आणि विहिरीचे पाणी, दोन्ही तपासावे. खारेपणाचा आकडा मीटरला चार डेसिसायमनच्या वर गेला की जमीन खारवट समजतात. आपल्या पनवेललाच कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. मीठ सोसणाऱ्या भाताच्या 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' या जाती तिथल्याच.

पुष्कळजण मिठावर जिप्सम टाका म्हणतात. जिप्समचे काम चोपण जमिनीत. नुसत्या खारवट जमिनीला गोडे पाणी आणि ते निघून जायला चर हवेत. गादीवाफे करावेत, पण सरीने पाणी देत असाल तर रोप वाफ्याच्या माथ्यावर लावू नये, कुशीला लावावे, कारण मीठ माथ्यावर गोळा होते. वर भाताचा पेंढा अंथरावा. आमच्याकडे राब भाजायची जुनी सवय. पालापाचोळा दिसला की काडी लावतात. या दहा गुंठ्यांत तरी तो झाकायला वापरावा, म्हणजे ओल टिकते आणि मीठ वर येणे मंदावते.

पिकांतही उजवे-डावे आहे. बीट मीठ बऱ्यापैकी सोसते, पालक त्याच्या मागून. श्रावणघेवडा, गाजर, कांदा लगेच माना टाकतात.

वालाची गोष्ट वेगळी. भातामागच्या ओलीवर तो येतो, हवेतले नत्र मुळांत धरतो आणि मीठ वर येण्याआधी बहुतेक आटोपतो. शिवाय थंडीत पोपटी लावायला शेंगा घरच्या! भाच्याने वरच्या बाजूच्या चार गुंठ्यांत वाल टाकला आहे. उरलेल्या सहांत काय लावायचे, ते मातीचा अहवाल आल्यावर ठरेल.