मॅच अंधेरीत, गल्ला भलतीकडे

अंधेरीत फुटबॉलची मॅच असली की सर्वांत खात्रीची कमाई कोणाची? क्लबची नाही, रिक्षावाल्यांचीही नाही. पानटपरीवाल्याची. शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलाच्या गेटवर बाटली, हेल्मेट, पॉवर बँक, सुटी नाणी, सगळं अडवलं जातं. थोडी हुज्जत होते आणि माणूस वीरा देसाई रोडच्या पलीकडे येतो. टपरीवाला सिगारेटचं रिकामं पाकीट फाडतो, दोन तुकड्यांवर एकच नंबर लिहितो, एक हेल्मेटच्या पट्ट्यात खोचतो आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. नगामागे वीस रुपये. मॅच सुटल्यावर आपला तुकडा हरवून बसलेला एखादा महाभाग असतोच, आणि मग काळ्या हेल्मेटांच्या ढिगात त्याची वरात निघते. या धंद्यात माल भरावा लागत नाही, उधारी नाही, पावती तर नाहीच. आयोजकांनी बंदी घातलेल्या वस्तूंची यादी वाढवली की याच्याइतका आनंद कोणालाच होत नाही.

वार्तांकनाच्या निमित्ताने त्या गेटपाशी बराच रेंगाळलोय. प्रेस बॉक्समधून दिसत नाही ते तिथे दिसतं.

मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१४ चा. पहिले दोन हंगाम त्याने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काढले आणि २०१६ मध्ये तो अंधेरीत आला, तोही उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला घेऊन. वर्ल्ड कपमध्ये गोल्डन बॉल मिळवलेला माणूस पालिकेच्या मैदानावर खेळणार, मेट्रोचं आझादनगर स्टेशन हाकेच्या अंतरावर, म्हणजे आता परिसराचं सोनं होणार असा सूर होता. जवळच्या एका उडपी हॉटेलच्या अण्णांना मी विचारलं, धंदा वाढला का? ते गल्ल्यावरून मानही वर न करता म्हणाले, "मॅच असली की माझं रोजचं गिऱ्हाईक येतच नाही. रस्ता तुंबलेला, पार्किंग बंद. फॅमिलीवाले सरळ लोखंडवालाला जातात. आणि तुमचे मॅचवाले एक कटिंग चौघांत पितात, वर पाणी मागतात."

रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये स्टेडियमच्या अर्थकारणावर एक जाडजूड ग्रंथ संपादित केला. त्याचं सार अण्णांच्या बोलण्याहून फार वेगळं नाही. लोक मॅचवर खर्च करतात ते पैसे बहुतेक वेळा त्याच शहरात सिनेमाला नाहीतर जेवणाला गेलेच असते. खिसा तोच, फक्त गल्ला बदलतो.

आणि गर्दी होईलच याची तरी शाश्वती कुठे आहे? १ जून २०१८ ला याच मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं. सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक. अधिकृत प्रेक्षकसंख्या २,५६९. छेत्रीने मग समाजमाध्यमांवर कळवळून व्हिडिओ टाकला, टीका करायची तर मैदानात येऊन करा म्हणाला. ४ जूनची केनियाविरुद्धची मॅच, म्हणजे त्याची शंभरावी, भर पावसात हाउसफुल्ल झाली. कप्तानाला हात जोडावे लागतात तिथे वडापाववाल्याने पाव किती आणायचे ते कोणत्या हिशेबाने ठरवायचं?

पिपाण्या, झेंडे आणि जर्सी विकणारे फेरीवाले बहुतेक इथले नसतातच. आज अंधेरी, उद्या आयपीएलसाठी वानखेडे. आसपासच्या पोरांच्या वाट्याला येतं ते स्टुअर्डचं काम. ठेकेदाराकडून रोजंदारी, फ्लोरोसंट जाकीट, पॅकेटातला पुलाव, आणि पूर्ण वेळ मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. गोल झाला हे त्यांना प्रेक्षकांच्या तोंडाकडे बघून कळतं.

सरकारी तिजोरीचाही एक किस्सा आहे. तो खेळाचा नाही, पण याच मैदानाचा. १ नोव्हेंबर १९९६ ला इथे मायकेल जॅक्सन नाचला. युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायतीने कोर्टात आव्हान दिलं आणि तीन कोटींहून अधिक रक्कम अडकून पडली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती माफी पुन्हा मंजूर केली. एका रात्रीचा हिशेब मिटायला चोवीस वर्षं.

मोठे प्रसंग तर अंधेरीला चुकवूनच जातात. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, तेव्हा कोरोनामुळे सगळा हंगाम गोव्यात होता. २०२३ ची शील्डही गोव्यातच पक्की झाली आणि २०२४ चा चषक कोलकात्यात. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या निकषांत अंधेरीचं मैदान बसलं नाही, म्हणून तिथल्या घरच्या मॅच पुण्याला बालेवाडीत गेल्या. सौदीच्या अल हिलालविरुद्धची नेरुळला. त्यांचा नेमार येणार म्हणून सगळीकडे धमाल उडाली होती. तो आधीच गुडघा मोडून बसला, आलाच नाही.

११ जुलै २०२५ ला आयोजकांनी २०२५-२६ चा आयएसएल हंगाम स्थगित केल्याचं क्लबांना कळवलं. कारण होतं भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरच्या कराराचं रखडलेलं नूतनीकरण. टपरीवाल्याला असं पत्र कोण पाठवणार? तेरा संघांच्या २०२४-२५ च्या हंगामात घरच्या मैदानावर एका क्लबच्या वाट्याला साखळीतल्या १२ मॅच आल्या होत्या. तेव्हा स्टेडियममुळे तुमच्या भागाचा विकास होईल असं उद्या कोणी निवडणुकीच्या सभेत सांगायला लागलं, तर उरलेल्या साडेतीनशे दिवसांत तिथे काय चालणार आहे, एवढं विचारून घ्या.