टेल्कोची विजेची मोटार आणि आपले गॅरेज

बॉनेट उघडावे आणि आत इंजिनच नसावे, असा अनुभव आता आपल्या अनेक मिस्त्री बांधवांना येऊ लागला आहे. इंजिनाच्या जागी एक बंद पेटी, तिच्यातून निघालेल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरी आणि बाजूला नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी. गिऱ्हाईक साध्या कामासाठी आलेले असते. पण हात कुठे लावावा आणि कुठे लावू नये, हेच कळत नाही. अशी गाडी परत पाठवताना मनात प्रश्न येतोच की, हा धंदा आता किती वर्षे चालणार?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा एका कारखान्याने हा बदल कसा केला ते पाहणे बरे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. टाटा मोटर्स, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची टेल्को, हे उदाहरण आपल्या पुण्याजवळचेच आहे. ४०७ टेम्पो, १९९४ ची सुमो, १९९८ ची इंडिका या गाड्यांच्या दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर नाना पेठेपासून कुर्ल्यापर्यंत कितीतरी दुकाने उभी राहिली. तीच कंपनी आज विजेच्या मोटारींत पुढे आहे. (ऑक्टोबर २०२५ पासून तिचा मोटारींचा आणि ट्रकचा व्यवसाय वेगवेगळ्या कंपन्यांत विभागला गेला आहे. येथे विषय मोटारींचा आहे.)

सुरुवात सरकारी मागणीने झाली. केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने २०१७ मध्ये १० हजार विजेच्या मोटारींची निविदा काढली. टाटांनी सर्वात कमी भाव दिला. त्याच भावाला महिंद्रानेही तयारी दाखवल्याने काम दोघांत वाटले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साणंदच्या कारखान्यातून विजेवरच्या टिगोर गाड्या बाहेर पडल्या. अनुभव मात्र फारसा चांगला नव्हता. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या एका चार्जिंगमध्ये ८०-८२ किलोमीटरही नीट जात नाहीत, अशा अधिकाऱ्यांच्या तक्रारी २०१८ मध्ये वर्तमानपत्रांत छापून आल्या. दुसरा एखादा कारखाना येथेच थांबला असता.

टाटांनी जे केले ते व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. त्यांनी विजेसाठी कोरी नवी मोटार बनवलीच नाही. नेक्सॉन ही पेट्रोल-डिझेलची गाडी २०१७ पासून बाजारात होती. तिचाच सांगाडा, तेच दरवाजे, त्याच काचा ठेवून आतले इंजिन, पेट्रोलची टाकी आणि सायलेन्सर काढला, ३०.२ युनिट वीज साठवणारी बॅटरी गाडीच्या तळाशी बसवली आणि पुढे मोटर लावली. जानेवारी २०२० मध्ये ही गाडी १३ लाख ९९ हजारांपासून विक्रीस आली. तिची जुळणी पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात होत असे. नव्या सांगाड्याचे साचे आणि नवी यंत्रे यांवर होणारा प्रचंड खर्च वाचला. गाडी खपली नसती तरी तोच सांगाडा पेट्रोलच्या गाडीसाठी उपयोगी होता. शिवाय बॅटरीची जुळणी, चार्जिंगची केंद्रे, कर्जपुरवठा ही कामे टाटांच्याच भावंड कंपन्यांनी उचलली. पैसा घरातल्या घरात फिरला.

आता हिशेब पाहू. त्या वेळी पेट्रोलची सर्वात स्वस्त नेक्सॉन ६ लाख ९५ हजारांना होती. म्हणजे फरक सात लाखांचा. विजेच्या त्या नेक्सॉनची प्रमाणित चाल ३१२ किलोमीटर सांगितली जात होती. रस्त्यावर २०० धरू. त्यासाठी ३० युनिट वीज, युनिटला १० रुपये धरले तर ३०० रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर तेवढ्याच अंतराला सुमारे १,३९० रुपये लागतात. किलोमीटरमागे बचत साधारण साडेपाच रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्या घरगुती मालकाला सात लाख भरून निघायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला सव्वाचार वर्षे. व्याजाचे कर्ज टाळून रोखीने गाडी घेणाऱ्या आपल्या वाचकाला हा आधी मोजावा लागणारा पैसा अधिक जड वाटणार, हे उघड आहे. म्हणूनच सुरुवातीला ही गाडी श्रीमंतांच्या दुसऱ्या गाडीच्या रूपाने किंवा टॅक्सी कंपन्यांकडे अधिक गेली.

दरी नंतर कमी होत गेली. विजेच्या गाड्यांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला होताच. ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीजी राईज क्लायमेट या परदेशी गुंतवणूकदाराने अबूधाबीच्या एडीक्यूसह ७,५०० कोटी रुपये देण्याचे मान्य केले आणि विजेच्या मोटारींसाठी वेगळी कंपनी निघाली. सप्टेंबर २०२२ मध्ये साडेआठ लाखांच्या आत टियागो आली. साणंदचा फोर्डचा बंद कारखाना ७२५ कोटी ७० लाखांचा करार करून टाटांनी जानेवारी २०२३ मध्ये ताब्यात घेतला. खास विजेसाठी आखलेल्या सांगाड्यावरची पंच जानेवारी २०२४ मध्ये आली, म्हणजे गिऱ्हाईक मिळाल्यावरच हा खर्च केला. बॅटरीच्या सेलचे भाव उतरले तसे २०२४ मध्ये दोनदा किमती कमी केल्या आणि नेक्सॉन साडेबारा लाखांच्या आत आली.

चित्र एका बाजूने रंगवायला नको. २०२३-२४ मध्ये कंपनीने सुमारे ७४ हजार विजेच्या मोटारी विकल्या. देशात खपणाऱ्या अशा दर दहा गाड्यांत सात तिच्या होत्या. पुढच्या वर्षी आकडा ६४ हजारांवर आला. फेम-२ ही सरकारी योजना मार्च २०२४ मध्ये संपली आणि टॅक्सी कंपन्यांची खरेदी आटली. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ही गाडी बॅटरीचे भाडे किलोमीटरप्रमाणे घेण्याच्या पद्धतीने आणली, पाठोपाठ चाकणहून महिंद्राच्या गाड्या आल्या. २०२५ मध्ये टाटांचा वाटा निम्म्याखाली गेला. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने पेट्रोलची गाडी पुन्हा स्वस्त झाली.

आणि टाटांनीही सगळा माल एकाच गोणीत भरलेला नाही. २०२४-२५ मध्ये त्यांच्या एकूण मोटारींत विजेच्या गाड्या नवात एक एवढ्याच होत्या. सीएनजीच्या त्याच्या दुप्पट. तेव्हा उद्या सकाळी गॅरेजला कुलूप लागणार, ही भीती निराधार आहे. आज विकली जाणारी पेट्रोल-सीएनजीची गाडी अजून पंधरा वर्षे दुरुस्तीला येणारच.

खरा बदल वेगळाच आहे

पेट्रोलच्या गाडीत इंजिन हा सर्वात मोलाचा भाग. पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट, क्लच प्लेट, फिल्टर, इंजेक्टर असे त्याचे शेकडो भाग भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत होतात, पेठेतल्या दुकानात विकले जातात आणि कोणताही हुशार मिस्त्री ते उघडून बसवू शकतो. म्हणजे मोटारीच्या किमतीतला आणि नंतरच्या खर्चातला मोठा हिस्सा असंख्य हातांत वाटला जात होता. विजेच्या गाडीत हा मान बॅटरीकडे गेला. बॅटरी सीलबंद. तिची ताकद किती राहिली हे संगणक सांगतो. नेक्सॉनच्या बॅटरीला आणि मोटरला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे. २०२५ मध्ये काही मॉडेलांना ती पहिल्या खासगी मालकापुरती १५ वर्षांपर्यंत वाढवली. बाहेर कुणी पेटी उघडली तर हमी धोक्यात, म्हणून गिऱ्हाईक कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये जाते. जो पैसा बाजारात विखुरत होता तो आता कंपनीच्या दारातून बाहेरच पडत नाही. विजेने काम संपवले असे नाही. तिने कामाची मोलाची बाजू कुलपात ठेवली.

कुलपाबाहेर काय उरले? ऑईल बदलणे, प्लग, क्लच, सायलेन्सर, टायमिंग बेल्ट ही कामे गेली. ब्रेक उरला, पण पाय उचलताच मोटर स्वतः गाडीचा वेग कमी करून वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक पॅड जास्त दिवस टिकतात. टायर, सस्पेन्शन आणि बुश यांचे काम मात्र वाढले. कारण विजेची नेक्सॉन पेट्रोलच्या नेक्सॉनपेक्षा शंभर किलोंहून अधिक जड आहे. एसी, काचा, सीट, डेंटिंग-पेंटिंग, व्हील अलाइनमेंट आणि १२ व्होल्टची लहान बॅटरी ही कामे तशीच आहेत. रेडिएटरवाल्यांनीही निराश होऊ नये. बॅटरी आणि मोटर थंड ठेवण्यासाठी कूलंट लागतेच.

नारिंगी वायरींविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांत ३०० व्होल्टांहून अधिक डीसी असतो. १२ व्होल्टच्या वायरीची ठिणगी पाडून करंट आला का ते पाहायची आपली जुनी सवय येथे जीव घेऊ शकते. गाडीची चावी बंद असली तरी आत साठलेला दाब लगेच उतरत नाही. आधी कंपनीने दाखवलेल्या ठिकाणाहून बॅटरीचा जोड तोडणे, सांगितलेला वेळ थांबणे, विजेसाठीचे रबरी हातमोजे घालणे आणि मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करणे, हा क्रम शिकल्याशिवाय कुणा शागिर्दाला या गाडीखाली पाठवू नये. डेंटिंगवाल्यांनीही लक्षात ठेवावे की, वेल्डिंग आणि रंग भाजण्याची भट्टी या दोन्हींच्या आधी बॅटरीची व्यवस्था पाहावी लागते. सरकारी आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेला मुलगा घरच्या गॅरेजमध्ये बसवण्याआधी तेथे पाठवता येईल का, याचा विचार व्हावा.

भंगाराचा आणि जुन्या गाड्यांचा व्यवहार

भंगार व्यापाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम महत्त्वाचे आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा होऊन त्यांचे पुनर्चक्रण होईल हे पाहण्याची जबाबदारी या नियमांनी बॅटरी बाजारात आणणाऱ्यावर टाकली आहे. ती फोडून माल काढण्याचे किंवा पुन्हा वापरायोग्य करण्याचे काम नोंदणीकृत संस्थेनेच करायचे आहे. शिशाच्या बॅटऱ्या ज्या सहजतेने गल्लीत फोडल्या जात, तसे लिथियमच्या बॅटरीत करता येणार नाही. कायद्याचा भाग सोडला तरी खिळा घुसलेला सेल स्वतःच पेट घेतो आणि पाण्याने सहज विझत नाही. नोंदणीकृत कारखान्याला माल गोळा करून पुरवणारा, कागदपत्रे चोख ठेवणारा व्यापारी मात्र या साखळीत राहू शकतो.

जुन्या गाड्यांचे व्यवहार करणाऱ्यांनी एक तारीख वहीत लिहून ठेवावी. जानेवारी २०२० मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या नेक्सॉन गाड्यांची बॅटरीची ८ वर्षांची हमी जानेवारी २०२८ पासून संपू लागेल, आणि जास्त धावलेल्या टॅक्सींची त्याआधीच. तोपर्यंत अशी गाडी विकत घेताना बाहेरचा रंग पाहून भाव ठरवू नये. बॅटरी पूर्ण चार्ज करून प्रत्यक्ष किती किलोमीटर चालते ते पाहावे, कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या ताकदीचा अहवाल मागावा, आणि उरलेली हमी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे बयाणा देण्यापूर्वी लेखी घ्यावे.