चारही बाजू समान, तरीही चौरस नव्हे

पेडणे-डिचोलीत पाऊस ओसरला की चिऱ्यांच्या घरांची आखणी सुरू होते. चारही बाजू सारख्या भरल्या, म्हणजे चौथरा चौरस झाला, असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात कोन कलले असतील तर तो नुसता समभुज चौकोन असतो, आणि हा दोष बहुधा फरशी बसवतानाच उघडा पडतो. तेव्हा चिरे थोडेच हलवता येतात!

म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. बाजू समान आणि कर्णही समान, तरच चौरस. १० मीटर बाजूला कर्ण सुमारे १४.१४ मीटर भरतो. कर्णावरचा चौरस मूळच्या दुप्पट क्षेत्रफळाचा असतो, हे बौधायन शुल्बसूत्राने दोरीच्याच भाषेत सांगितले आहे. एक कर्ण लांब भरल्यास त्याच्या टोकांच्या खुंट्या आत सरकवून बाजू पुन्हा मोजाव्यात.