बारा सिलिंडरांचा संसार

एप्रिल १९७९. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या डेरियन गावातून ‘कॅननबॉल’ या बेकायदा शर्यतीतल्या गाड्या पश्चिम किनाऱ्याकडे सुटल्या. तिथल्या महामार्गांवर तेव्हा ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची वेगमर्यादा होती. डेव्ह हाइन्झ आणि डेव्ह यारबरो यांची जॅग्वार एक्सजे-एस ३२ तास ५१ मिनिटांत कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीचला पोहोचली. अंतर सुमारे ४,६०० किलोमीटर. पेट्रोलसाठीचे थांबे धरूनही सरासरी वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास पडला. कायदा धाब्यावर बसवून केलेल्या या धावेचे कौतुक करू नये, हे खरेच. पण त्या दीड दिवसात एक गोष्ट दिसून आली. ही मोटार इतका वेळ इतक्या वेगाने पळू शकते, आणि आतल्या माणसांना त्या पळण्याचा शीण सोसण्याजोगा ठेवते.

ग्रँड टूरर जातीच्या मोटारींची खरी कसोटी हीच. स्पोर्ट्स कार तासाभराच्या घाटरस्त्यासाठी असते. तिचा कडकपणा, आवाज, धक्के हा तिच्या मजेचा भाग. ग्रँड टूररचे काम निराळे. सकाळी लंडनहून निघावे, दोन माणसे, त्यांचे सामान आणि भरलेली टाकी घेऊन युरोपभर जावे, आणि मुक्कामाला उतरताना पाठ दुखू नये. दोन दारे, पुढे ऐसपैस जागा, मागे मुलांपुरती सीट, लांबलचक बोनेट आणि त्याखाली गरजेपेक्षा कितीतरी मोठे इंजिन, अशी तिची घडण.

एक्सजे-एस सप्टेंबर १९७५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचे स्वागत थंडच झाले. तिच्याआधी होती ई-टाइप. १९६१ मध्ये आलेल्या त्या मोटारीच्या सौंदर्यावर जग लुब्ध होते आणि तिच्या जागी तितकीच देखणी गाडी येईल अशी सगळ्यांची अपेक्षा. आली ती लांब, सपाट, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी पंखासारखे उतरते खांब असलेली मोटार. तिची मूळ रेषा माल्कम सेयर यांची. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या या माणसाने सी-टाइप, डी-टाइप आणि ई-टाइप यांचे आकार गणिताने, हवेच्या वहनाचा हिशेब करून काढले होते. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले आणि अर्धवट राहिलेले काम डग थॉर्प यांच्या चमूने पुरे केले. त्यात किंमत ८,९०० पौंड. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव वधारलेले, आणि ही गाडी एका लिटरला जेमतेम पाच किलोमीटर चालणारी.

१९८० साली अशा हजाराच्या जरा वर गाड्या तयार झाल्या. कोणत्याही हिशेबाने उत्पादन बंद व्हायला हवे होते. त्याच वर्षी जॉन इगन यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि गुणवत्तेवर हात घातला. पाठोपाठ १९८१ मध्ये स्विस अभियंता मायकेल मे यांच्या आराखड्याचे नवे सिलिंडर हेड आले. त्यात एग्झॉस्ट व्हॉल्व्हखालच्या छोट्या पोकळीत मिश्रण गरागरा फिरते, त्यामुळे ते पातळ असूनही पुरते जळते. कॉम्प्रेशन १२.५ ला १ पर्यंत गेले, इंधनाचा खप स्पष्टपणे घटला. आत लाकडाची झिलईही आली. टॉम वॉकिन्शॉ यांच्या संघाने १९८४ मध्ये युरोपियन टूरिंग कार अजिंक्यपद आणि स्पाची २४ तासांची शर्यत जिंकली, १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातले बाथर्स्ट जिंकले. जिला लोक मोडीत काढायला निघाले होते ती मोटार २१ वर्षे बनत राहिली. एप्रिल १९९६ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा एकूण आकडा होता १,१५,४१३. ई-टाइपपेक्षा कितीतरी जास्त.

आज या गाडीकडे ओढले जाणारे लोक मुख्यतः तिच्या इंजिनासाठी येतात. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी घडवलेले ५,३४३ घनसेंटिमीटरचे, संपूर्ण अॅल्युमिनियमचे व्ही-ट्वेल्व्ह. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन ओळी ६० अंशांच्या कोनात बसवलेल्या. या रचनेत पिस्टनांच्या हालचालींचे झटके एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे खोडून काढतात. शिवाय क्रँकच्या प्रत्येक फेरीला सहा स्फोट होतात, चार सिलिंडरांच्या इंजिनात दोनच. म्हणून एका धक्क्याचा जोर ओसरण्याआधी पुढचा येऊन पोहोचलेला असतो. चालू इंजिनावर नाणे उभे करून दाखवण्याची हौस या गाडीच्या मालकांना आजही आहे. ते नाणे उभे राहते.

पण या मऊपणामुळेच गाडी सांभाळणे अवघड होते. चार सिलिंडरांच्या गाडीत एक प्लग मेला तर गाडी मिसिंग करते, थरथरते, चढावर दम सोडते. चालवणारा गॅरेज गाठतो. व्ही-ट्वेल्व्हमध्ये एखादा सिलिंडर गप्प झाला तर कित्येकदा कळतही नाही. १९८९ नंतरच्या गाड्यांतल्या मारेली इग्निशनमध्ये तर डिस्ट्रिब्युटरची कॅप किंवा रोटर खराब झाला की एका बाजूचे सहाही सिलिंडर एकदम बंद पडू शकतात आणि उरलेल्या सहांवर गाडी पुढे जात राहते. फक्त जरा सुस्त वाटते. तेवढ्या वेळात न जळलेले पेट्रोल एग्झॉस्टमध्ये उतरते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लालभडक तापतो, आणि यातून आगी लागलेल्या आहेत. म्हणून जाणकार मालक कॅप आणि रोटर खराब होण्याची वाट पाहत नाहीत, ठरावीक काळाने बदलूनच टाकतात. त्याआधीच्या ल्यूकस डिस्ट्रिब्युटरचे दुखणे वेगळे: आतली ग्रीस वाळते, टायमिंग पुढे नेणारी यंत्रणा जागच्या जागी अडकते, ठिणगी उशिरा पडते. गाडी चालते, पण तापते आणि पेट्रोल जास्त पिते. ‘व्ही-ट्वेल्व्ह म्हणजे गरम होणारच’ अशी समजूत ज्या गाड्यांमुळे पसरली, त्यांतल्या पुष्कळ गाड्यांना केवळ दोन थेंब तेलाची गरज होती.

उष्णतेकडे मात्र डोळेझाक करून चालत नाही. एवढे मोठे इंजिन त्या सपाट बोनेटखाली इतके घट्ट बसवले आहे की हात घालायला जागा नाही. पुढचे प्लग एअर कंडिशनरच्या कंप्रेसरखाली दडलेले, त्यामुळे ते बदलायचा कंटाळा करणारे मिस्त्री मागचे दहा बदलून बिल बाराचे लावतात, अशी तक्रार या गाड्यांच्या वर्तुळात जुनी आहे. दोन ओळींच्या मधल्या खोबणीत पेट्रोलचे रबरी होज असतात. तिथली धग त्यांना सुकवते, ते कडक होतात, चिरतात. गरम इंजिनाच्या माथ्यावर पेट्रोलची गळती म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या प्रतीच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून नवे होज इथेनॉल सोसणारेच घ्यावे लागतात. या गाडीवर खर्चायला पैसे थोडेच असतील, तर ते सगळ्यात आधी इथे खर्चावेत.

कूलंटचेही तसेच. यंत्रणेत सुमारे २० लिटर कूलंट मावते. अॅल्युमिनियमच्या इंजिनात नुसते पाणी भरणे म्हणजे आतून गंज बोलावणे. गंजरोधक असलेले कूलंट वेळेवर बदलावे लागते. कोणीतरी वर्षानुवर्षे टाळलेले हे काम गाळ होऊन रेडिएटरच्या तळाशी बसते, निम्मा रेडिएटर निकामी होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग एका उन्हाळी दिवशी, वाहतुकीच्या कोंडीत, काटा वर सरकतो. इंजिन खूप तापले तर व्हॉल्व्हच्या सीट जागा सोडतात. तिथून पुढचे काम इंजिन उतरवून करायचे.

आता मागची बाजू. बॉब नाइट हे जॅग्वारचे चॅसीचे अभियंते. कंप आणि आवाज माणसापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, या ध्यासाने त्यांनी आयुष्यभर काम केले. मागची चाके, चार स्प्रिंग-शॉक, डिफरन्शियल हे सारे एका पोलादी चौकटीत बसवायचे आणि ती चौकट रबराच्या गाद्यांवर गाडीला टांगायची, ही १९६१ पासूनची जॅग्वारची पद्धत एक्सजे-एसमध्येही आहे. मागच्या ब्रेकच्या डिस्क चाकांजवळ नाहीत, मध्ये डिफरन्शियलला लागून आहेत. त्यामुळे चाकाबरोबर हलणारे वजन कमी होते, चाक खड्ड्यात हलके उतरते, हलके वर येते. मागच्या सीटवरच्या मुलाची झोप मोडत नाही, ती याच डिझाइनमुळे. आणि याच डिझाइनमुळे डिफरन्शियलचे ऑइल सील गळू लागले की तेल थेट डिस्कवर पडते. डिस्क बदलायची तर अख्खी चौकट खाली उतरवावी लागते. दुसऱ्या गाडीला तासाभरात होणारे काम इथे दोन दिवस खाते. १९९३ च्या सुमारास कंपनीने ब्रेक चाकांजवळ नेले.

गंजाबद्दल बोलायचे तर यांत्रिक दुरुस्तीपेक्षा पत्र्याची दुरुस्ती महाग पडते, हे बहुतेक जुन्या मोटारींप्रमाणे इथेही लागू आहे. उंबरे, मागच्या चाकांच्या कमानी, रेडियस आर्म जिथे बॉडीला जोडले जातात त्या जागा, आणि ते वादग्रस्त उतरते खांब जिथे बॉडीला मिळतात तो कोपरा, या ठिकाणी पाणी साचते. लांबी भरून रंग मारलेला पत्रा डोळ्याला फसवतो. खिशात छोटे चुंबक ठेवावे, जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा उरलेला नाही. चकचकीत पण कागदपत्रे नसलेल्या गाडीपेक्षा, थोडी कळकट पण तीस वर्षांच्या पावत्यांची फाइल असलेली गाडी घ्यावी.

सगळ्यांनी व्ही-ट्वेल्व्हच घ्यावे असेही नाही. १९८३ पासून सहा सिलिंडरांचे ३.६ लिटरचे आणि १९९१ नंतर ४ लिटरचे इंजिन मिळू लागले. बोनेटखाली हात जातो, प्लग दिसतात, पेट्रोल कमी लागते. रोजच्या व्यवहाराला ती गाडी शहाणपणाची, यात शंका नाही. तरीही एकदा व्ही-ट्वेल्व्हला शांतपणे वेग घेताना अनुभवले की बारा प्लगांचा हिशेब माणूस आपणहून मांडू लागतो.

महाराष्ट्राशी या गाडीचे नाते उशिरा जुळले. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. पुढे पुण्याजवळ जॅग्वारच्या एक्सएफची जुळणीही सुरू झाली. एक्सजे-एस त्याच्या कितीतरी आधी थांबली होती, पण जॅग्वारच्या त्या साऱ्या वारशाचे धनीपण आता टाटांच्या मुंबईतल्या मुख्यालयाकडे, बॉम्बे हाउसकडे आहे. कंपनी स्वतः पूर्ण विजेच्या मोटारींकडे वळली असताना हा पेट्रोलचा वारसा जपणाऱ्यांचे काम अधिकच महत्त्वाचे होते.

नियमांचा प्रश्नही आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या मोटारीला रस्ताकर आणि वार्षिक तपासणी माफ होते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. जुन्या मोटारी भंगारात जाऊ नयेत हा हेतू चांगला आहे. ग्रँड टूररची प्रकृती मात्र नेमकी उलटी. उभी राहिली की तिचे सील सुकतात, ब्रेकचे कॅलिपर अडकतात, टाकीत गंज धरतो. महिन्यातून एकदा शंभर किलोमीटर, इंजिन पुरते तापेपर्यंत चालवणे हीच तिची सर्वांत स्वस्त सर्व्हिसिंग.

नव्या मालकाने पहिल्या वर्षी कामे कोणत्या क्रमाने करावीत, याबद्दल जाणत्या लोकांत फारसा मतभेद नाही. आधी पेट्रोलचे सगळे होज. मग रेडिएटर काढून साफ करणे, कूलंटचे होज आणि नवे कूलंट. मग इग्निशन: कॅप, रोटर, वायर आणि बाराच्या बारा प्लग, पुढचे दोन धरून. नंतर मागची चौकट उतरवून सील, डिस्क आणि रबरी गाद्या एकाच खेपेस, कारण ती पुन्हा उतरवायला कोणालाच आवडत नाही. गंज लागलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणे त्याच्या जोडीने. रंगाचा विचार त्यानंतर.