जोग्येसा : सोलच्या मध्यावरचा विहार आणि तिथली पंगत

जोग्येसा हे दक्षिण कोरियाच्या राजधानीतले, सोलच्या अगदी मध्यावरचे बौद्ध मंदिर. जोग्ये हा कोरियातला सर्वांत मोठा बौद्ध संप्रदाय आणि हे त्याचे मुख्य पीठ. जोंगनो या जुन्या प्रभागात, कार्यालयांच्या उंच इमारतींच्या गराड्यात ते उभे आहे. मेट्रोच्या आंगुक किंवा जोंगाक स्थानकावर उतरले की थोडेसे चालून तिथे पोचता येते. आत जायला तिकीट नाही. जपमाळा, कागदी कंदील आणि भिक्षूंचे राखाडी कपडे विकणारी दुकाने रस्त्याच्या कडेला दिसू लागली की मंदिर जवळ आले असे समजावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्रमंडळींबरोबर कोरियाला निघालेल्या मराठी प्रवाशाला तिथली श्रद्धा आणि तिथले जेवण दोन्ही समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात बाजारातून किंवा राजवाड्यातून न करता इथून करावी.

बौद्ध धर्म कोरियात चौथ्या शतकात पोचला. उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्यात तो ३७२ मध्ये चीनमार्गे आला. नैर्ऋत्येकडच्या बेक्जे राज्यात ३८४ मध्ये मरानंत नावाच्या भिक्षूने तो नेला. परंपरा या मरानंताला भारतीय मानते. धर्म इतका जुना असूनही राजधानीतले त्याचे मुख्य मंदिर विसाव्या शतकातले आहे, याचे कारण मधल्या पाचशे वर्षांत सापडते. १३९२ ते १९१० या काळात राज्य करणाऱ्या जोसन घराण्याने कन्फ्यूशियसच्या शिकवणीला राजमान्यता दिली आणि बौद्ध संघाला दूर सारले. भिक्षूंना राजधानीच्या तटाच्या आत पाऊल टाकायलाही बंदी होती. ती १८९५ मध्ये उठली. एवढ्या काळात विहार टिकले ते डोंगरांत. तिथे भिक्षू शेती करत, रानभाज्या वेचत, हिवाळ्यासाठी भाज्या आणि सोयाबीन आंबवून, खारवून ठेवत. कोरियन मंदिरांच्या स्वयंपाकाची आज जगभर जी वाहवा होते, तिची मुळे या डोंगरांतल्या हलाखीत आहेत.

राजधानीत परतलेल्या भिक्षूंनी १९१० मध्ये आताच्या जागेजवळच गाख्वांग्सा नावाचे मंदिर उभारले. १९३८ मध्ये ते सध्याच्या जागी आले आणि त्याला तेगोसा हे नाव मिळाले. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि जपानी प्रथेप्रमाणे भिक्षूंनी लग्न करण्याची चाल कोरियातही रुजली होती. स्वातंत्र्यानंतर ब्रह्मचारी भिक्षूंनी संघ पूर्वीच्या वळणावर आणण्यासाठी मोठी चळवळ केली. तिच्याच ओघात, १९५४ मध्ये, जोग्येसा हे नाव आले. संप्रदायाची आजची घडी १९६२ मध्ये बसली.

मंदिराचे आवार फार मोठे नाही. मुख्य सभागृह १९३८ चे. त्याचे लाकूडसामान जंगुप इथल्या दुसऱ्या एका पंथाच्या मोठ्या वास्तूतून आणलेले आहे. छपराखालच्या तुळयांवर हिरव्या, निळ्या, लाल रंगांची दाट नक्षी आहे. आत शाक्यमुनी, अमिताभ आणि भैषज्यगुरू या तीन बुद्धांच्या सोनेरी मूर्ती शेजारीशेजारी बसलेल्या आहेत. त्या २००६ मध्ये बसवल्या. अंगणात दोन जुने वृक्ष आहेत. एक पांढऱ्या सालीचा पाइन, सुमारे ५०० वर्षांचा, राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून जपलेला. दुसरा त्याहून थोडा लहान वयाचा, पण उंचीने सभागृहालाही मागे टाकणारा पॅगोडा वृक्ष. समोर दहा मजली दगडी स्तूप आहे. अनागारिक धर्मपाल १९१३ मध्ये कोरियात गेले तेव्हा त्यांनी दिलेला बुद्धधातू इथे ठेवला आहे. भारतातल्या बौद्ध तीर्थस्थळांसाठी महाबोधी सोसायटी स्थापन करणारे हेच ते श्रीलंकेचे धर्मपाल. मंदिराला लागून एक छोटी जुनी इमारत आहे. ते १८८४ मधले कोरियाचे पहिले टपाल कार्यालय. त्याच वर्षी सुधारणावाद्यांचे फसलेले बंड या इमारतीतल्या समारंभापासून सुरू झाले.

सभागृहात जाताना चपला बाहेर काढतात आणि बाजूच्या दाराने आत शिरतात. मधले दार भिक्षूंचे. आत लाकडी जमिनीवर चौकोनी आसने मांडलेली असतात. भाविक दोन्ही हात जोडून उभे राहतात, गुडघे टेकतात, कपाळ जमिनीला लावतात, तळवे उताणे करून कानांच्या पातळीपर्यंत उचलतात आणि हाताचा आधार शक्यतो न घेता उठतात. साधी भेट असेल तर असे तीन वेळा, संकल्प असेल तर १०८ वेळा. कार्यालयाच्या कपड्यांतली तरुण मुलगी आणि सत्तरीची आजी शेजारीशेजारी हे करताना दिसतात. अर्पण करायला मेणबत्ती, फुले किंवा तांदळाची पिशवी आणतात. तो तांदूळ पुढे अन्नदानात जातो. पहाटे आणि संध्याकाळी मोकताक या लाकडी वाद्याच्या ठेक्यावर सूत्रपठण होते. परक्या माणसाला कोणी अडवत नाही, फक्त मधे फिरून छायाचित्रे काढू नयेत एवढीच अपेक्षा असते.

मराठी शाळांच्या सुट्टीचा काळ या मंदिराच्या सर्वांत मोठ्या उत्सवाशी जुळून येतो. कोरियात बुद्धजन्म चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी साजरा होतो. तो आपल्या बुद्धपौर्णिमेच्या साधारण आठवडाभर आधी, बहुधा मे महिन्यात येतो. २०२५ मध्ये तो ५ मे रोजी होता आणि आपली पौर्णिमा १२ मे रोजी. १९७५ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. त्याआधीच्या शनिवार-रविवारी कंदिलांचा उत्सव होतो. दोंगदेमुन दरवाज्याच्या बाजूने निघालेली मिरवणूक जोंगनो रस्त्याने जोग्येसापर्यंत येते आणि हजारो माणसे हातात उजळलेले कागदी कंदील घेऊन चालतात. युनेस्कोने २०२० मध्ये या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. या दिवसांत जोग्येसाच्या अंगणावर रंगीत कंदिलांचे छत होते, इतके दाट की आभाळ दिसत नाही. प्रत्येक कंदिलाला नावाची आणि इच्छेची चिठ्ठी लटकते. त्याच अंगणात एका बाजूला फक्त पांढरे कंदील असतात. ते घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाचे. बुद्धजन्माच्या दिवशी बाळबुद्धाच्या मूर्तीवर पळीने पाणी घालतात आणि अनेक विहारांत येईल त्याला बिबिम्बाप वाढतात. बिबिम्बाप म्हणजे भातावर वेगवेगळ्या भाज्या मांडून, वर लाल मिरचीची गोचुजांग ही आंबवलेली चटणी घालून कालवलेला भात.

जेवणाची गोष्ट इथूनच सुरू होते. मंदिराच्या स्वयंपाकात मांस नाही, मासे नाहीत आणि पाच उग्र वस्तूही नाहीत : लसूण, पातीचा कांदा, कांदापातीच्या जातीची बुचू नावाची भाजी, रानलसूण आणि हिंग. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना यातले बहुतेक पटेल. हिंगाचे मात्र नवल वाटेल. हिंग कोरियात पिकतही नाही. भारतीय भूमीत तयार झालेला नियम सूत्रग्रंथांबरोबर तिथे गेला आणि न मिळणाऱ्या वस्तूवरची बंदीही शतकानुशतके पाळली गेली. मन उद्दीपित करणाऱ्या गोष्टी ध्यानाच्या आड येतात, हा त्यामागचा विचार. लसूण आणि मासळी वगळून चव आणायची तर भिस्त उरते ती आंबवण्यावर. सोयाबीनपासून केलेली द्वेंजांग ही घट्ट चटणी, गांजांग हा काळा सोया रस, वाळवलेले मशरूम, समुद्री शेवाळ आणि रानतिळाचे तेल यांवर हा सगळा स्वयंपाक उभा आहे. मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस आली, म्हणजे महाराष्ट्राइतकीच तीही तिथे उशिरा आलेली पाहुणी.

विहारातल्या औपचारिक जेवणाला बारू गोंग्यांग म्हणतात. एकात एक बसणारी चार लाकडी पात्रे प्रत्येकापुढे असतात : भात, सूप, भाज्या आणि पाणी. जेवण्यापूर्वी हे अन्न कुठून आले, किती जणांच्या कष्टाने आले आणि आपण त्याला पात्र आहोत का, अशा पाच गोष्टींचे स्मरण करणारे पठण होते. मग सगळे न बोलता जेवतात. शेवटी जपून ठेवलेल्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या भाजीच्या, एका तुकड्याने आणि कोमट पाण्याने पात्रे आतून पुसून घेतात, तो तुकडा खातात, ते पाणी पितात. नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा विसळून ते पाणी एकत्र गोळा करतात. सुईइतका बारीक गळा असलेल्या भुकेल्या प्रेतयोनींसाठी ते असते, म्हणून त्यात अन्नाचा कणही राहता कामा नये. कोरियन श्रद्धा आणि कोरियन अन्न यांचे नाते या एका कृतीत जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे कुठल्याही उपाहारगृहात दिसत नाही.

हे जेवण चाखायला भिक्षू व्हावे लागत नाही. जोग्येसाच्या भोजनगृहात दुपारी भाविकांसाठी साधे शाकाहारी जेवण असते. रस्त्यापलीकडे, मंदिर-निवास माहिती केंद्राच्या इमारतीत, संप्रदायाने २००९ मध्ये सुरू केलेले बारू गोंग्यांग याच नावाचे उपाहारगृह आहे. सोलच्या मिशलिन मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या आवृत्तीने त्याला एक तारा दिला होता. तिथे आधी जागा राखून ठेवावी लागते आणि पानात एकेक पदार्थ सावकाश येतो. या स्वयंपाकाची कीर्ती जगभर पोचवण्यात दक्षिणेकडच्या बेग्यांग्सा विहारातल्या भिक्षुणी जंग क्वान यांचा वाटा मोठा आहे. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या ‘शेफ्स टेबल’ या मालिकेचा एक भाग त्यांच्यावर होता. त्यांचे स्वतःचे उपाहारगृह नाही. त्या विहारातल्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी रांधतात.

मंदिराच्या दारातून पूर्वेला निघाले की आधी इन्सादोंगची चहाघरे आणि कागद-कुंचल्यांची दुकाने लागतात. साधारण दोन किलोमीटरवर ग्वांगजांग बाजार आहे. १९०५ मध्ये सुरू झालेला हा कापडाचा आणि खाण्याचा बाजार गर्दी, वाफ आणि तळणाच्या वासाने भरलेला असतो. इथला मुख्य पदार्थ बिंदेत्तोक. भिजवलेली मूगडाळ विक्रेत्यासमोरच फिरत्या दगडी जात्यावर वाटली जाते, तिच्यात मोड आलेले मूग आणि किमची मिसळून जाडसर धिरडे भरपूर तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. बाकावर खांद्याला खांदा लावून बसायचे आणि एक ताटली सगळ्यांनी मिळून संपवायची, अशीच इथली रीत आहे. कोरियन जेवण मुळातच मधे ठेवून वाटून खाण्याचे असल्यामुळे चार-सहा मित्रांच्या गटाला ते एकट्या प्रवाशापेक्षा जास्त लाभते.

गटात शाकाहारी मंडळी असतील तर बाजारात मात्र जपून राहावे. नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. भाज्यांच्या सूपचे पाणीही बहुधा सुक्या मासळीचे असते. बिबिम्बापवर गोमांसाचा खिमा घालतात, काही ठिकाणी बिंदेत्तोकमध्ये डुकराचे मांस असते आणि तोकबोक्की या तांदळाच्या तिखट लाल पदार्थात माशांच्या वड्या. मांस नको एवढेच सांगून भागत नाही. मासे आणि त्यांचा रस्साही नको हे वेगळे सांगावे लागते. उन्हाळ्यात कोंगुक्सु हा चांगला पर्याय आहे : गार सोयादुधातल्या गव्हाच्या शेवया, वर काकडी आणि मीठ. मांसाहारींसाठी याच दिवसांत सामग्येतांग असते. कोवळ्या कोंबडीत तांदूळ, जिनसेंग आणि लसूण भरून केलेले हे गरमागरम सूप वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या तीन ठरलेल्या दिवशी मुद्दाम पितात.

कोरियातली श्रद्धा फक्त बौद्ध नाही. जोंगनोच्या दक्षिणेला, चालत जाण्याइतक्या अंतरावर, म्यंगदोंगचे विटांचे कॅथलिक कॅथीड्रल आहे. ते १८९८ मध्ये पूर्ण झाले. कोरियातला कॅथलिक पंथ परदेशी धर्मगुरूंनी नव्हे, तर पुस्तके वाचून प्रभावित झालेल्या तिथल्याच विद्वानांनी १७८४ पासून रुजवला आणि त्यासाठी पुढे हजारोंनी प्राण दिले. २०१५ च्या जनगणनेत सुमारे २० टक्के लोकांनी प्रॉटेस्टंट, १५.५ टक्क्यांनी बौद्ध आणि ८ टक्क्यांनी कॅथलिक असल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिकांनी कोणताच धर्म नोंदवला नाही. ऑगस्ट २०२७ मध्ये कॅथलिक तरुणांचा जागतिक मेळावा सोलमध्ये भरणार आहे.

भारत आणि कोरिया यांच्यातली ये-जा दोन्ही बाजूंनी झाली आहे. हेचो हा सिल्ला या कोरियन राज्यातला भिक्षू ७२३ च्या सुमारास भारतात आला आणि दक्षिण भारतापर्यंत फिरला. त्याच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित १९०८ मध्ये चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडले. ते आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मराठी माणसाने तिथे बजावलेली कामगिरीही विसरण्यासारखी नाही. कोरियन युद्ध थांबल्यावर, १९५३-५४ मध्ये, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय संरक्षक दलाकडे आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे शंकरराव थोरात हे त्या दलाचे सेनानी होते.

आता कोरियाचा प्रवास पुणेकरांना पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाही. रांजणगाव आणि तळेगावच्या कोरियन कारखान्यांमुळे पुण्यात कोरियन कुटुंबे आली, त्यांच्या मागोमाग किमची आणि रामेनही आले. धायरीसारख्या उपनगरांतही कोरियन मालिका पाहून बिबिम्बापची चौकशी करणारी तरुण मंडळी भेटतात. धायरीहून नवले पुलावरून बाह्यवळणाला लागून द्रुतगती मार्गाने मुंबई गाठायची आणि पुढे विमान धरायचे. भारतीय पारपत्रधारकांना कोरियाचा व्हिसा आधी घ्यावा लागतो. मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. सोलचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. इंचॉन विमानतळावरून जलद रेल्वेने सोल स्थानक पाऊण तासात येते.

मे हा सर्वांत चांगला महिना : हवा सुखद आणि मंदिरे कंदिलांनी भरलेली. जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत तिथला पावसाळा असतो आणि त्यानंतर दमट उकाडा, पण त्याच दिवसांत जोग्येसाच्या अंगणात कुंड्यांतली कमळे फुलतात. मुक्काम विहारातच करायचा असेल तर मंदिर-निवासाची सोय आहे. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पाहुण्यांना राहायला जागा हवी म्हणून ती सुरू झाली आणि आता देशभरातल्या अनेक विहारांत चालते. पहाटे उठणे, सूत्रपठण, १०८ दंडवत घालताना एकेक मणी ओवून माळ करणे, भिक्षूंबरोबर चहा आणि मौनातले जेवण असा तिथला दिवस असतो. जोग्येसातही असे कार्यक्रम होतात. बुद्धजन्माच्या सुमारास जागा लवकर भरतात, म्हणून त्या काळासाठीची नोंदणी विमानाच्या तिकिटाबरोबरच करावी.